स्टेरॉइड आणि पादांशिक क्रम

सकाळी उठताना दोन्ही खांदे व कटिप्रदेश जखडलेले, केस विंचरण्यास हात वर जात नाही, स्थानकावरील पुलाचा जिना चढवत नाही, अशा तक्रारी घेऊन पन्नाशी उलटलेले रुग्ण अंधेरी-बोरिवली व घाटकोपर-मुलुंड भागांतील आपल्या चिकित्सालयांत येतात. त्यांपैकी काहींचे निदान 'पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका' असे झालेले असते व प्रेडनिसोलोन चालू असते. 'वैद्यराज, या गोळ्या तेवढ्या बंद करा', ही त्यांची पहिली विनंती असते. ती तत्काळ मान्य करणे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या व्याधीत प्रेडनिसोलोनने थोड्याच दिवसांत उपशय मिळतो. म्हणून रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. परंतु २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आरंभीची मात्रा १२.५ ते २५ मि.ग्रॅ. असून ती ४ ते ८ आठवड्यांत १० मि.ग्रॅ.वर आणावयाची व पुढे दर ४ आठवड्यांनी सुमारे १ मि.ग्रॅ. कमी करावयाची असते. म्हणजे वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. औषध एकाएकी थांबविल्यास अतिदौर्बल्य, छर्दी, रक्तदाब घसरणे असे प्राणघातक उपद्रवही संभवतात.

आपल्या शास्त्रास हे अपरिचित नाही. अभ्यस्त झालेले अपथ्यसुद्धा पादांशिक क्रमाने सोडावे, अकस्मात सोडल्यास विकार उद्भवतात, असे चरक व वाग्भट दोघेही सांगतात. मात्र प्रत्यक्ष मात्रा किती व केव्हा उतरवावी, हे स्टेरॉइड देणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावे. आपण अग्नी, निद्रा व बल सांभाळून त्या प्रवासास साहाय्य करावे. या व्याधीचे आमवाताशी साधर्म्य दिसले तरी दोन्ही एकच मानून चिकित्सा करू नये.

काही पथ्ये आपणही पाळावीत. अशा रुग्णास वमन-विरेचन देण्याची घाई नको. द्रवनाश होतो व पोटातील गोळीही वाया जाते. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास स्टेरॉइडचा परिणाम वाढतो, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. शंखप्रदेशी नवा शिरःशूल, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. विलंबाने कायमचे अंधत्व येऊ शकते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. प्रेडनिसोलोन परिशिष्ट 'एच'मधील औषध आहे. जुन्या चिठ्ठीवर ते पुनःपुन्हा देऊ नये. तसेच 'संधिवातावर रामबाण' म्हणून येणारी, लेबल व परवाना क्रमांक नसलेली चूर्णे दुकानात ठेवू नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास रुग्ण नकळत तेच औषध घेतो व पुडी संपताच संकटात सापडतो.

'स्टेरॉइड सोडवून देतो' अशी पाटी लावण्यात आयुर्वेदाचा गौरव नाही. रुग्ण सुखरूप राहून त्याची गोळी क्रमाने सुटावी, यातच तो आहे.