स्त्रियांचे वाचन आणि आमचा रोष

आमच्या मोहन्यातील काही कुटुंबप्रमुख अलीकडे एकच गाऱ्हाणे घेऊन येतात. घरातल्या स्त्रिया मनःस्वास्थ्यावरची पुस्तके आणि बायकांची आत्मचरित्रे वाचू लागल्या आहेत. उलट उत्तरे देतात. जपमाळेत त्यांचे चित्त नसते. फादर, तुम्ही प्रवचनात काही बोला! आम्ही बोलत आहोत, परंतु गाऱ्हाणे करणाऱ्यांस ते रुचेल असे वाटत नाही.

कल्याण स्टेशनाबाहेरच्या पथारीवर मिळणारी पुष्कळशी ‘सुखी व्हा’ छापाची पुस्तके आम्हांसही पटत नाहीत. आमचे कारण मात्र निराळे आहे. आरशासमोर उभे राहून हसा, रोज तासभर स्वतःसाठी राखून ठेवा, वाईट विचार झटकून टाका, असा त्यांचा उपदेश. पाणी भरून, डबे करून जी आंबिवलीहून पहाटेची लोकल गाठते, तिने हा तास कोणाकडे मागावा? तो मिळाला नाही की दोष तिच्याच माथी : इच्छाशक्ती कमी पडली. आपल्यातले धर्मशील लोक म्हणतात, श्रद्धा कमी पडली. उपदेशकांची ही दोन्ही घराणी सख्खी भावंडे आहेत.

आत्मचरित्र असे करीत नाही. ते त्या बाईबरोबर तिचे घरही दाखवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. (त्या प्रॉटेस्टंट म्हणून हे पुस्तक टाळणारे कॅथलिक आम्ही पाहिले आहेत. नुकसान त्यांचेच.) १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्या मनाची काय दशा झाली, हे त्यांनी लपविले नाही. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुःख बोलून दाखविल्याने विश्वास आटतो, असे मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावे. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा केवढा गहजब झाला! लाडक्या लेखकाच्या घरातले असे चारचौघांत का सांगितले, हाच अनेकांचा सवाल. सांगणारीवर काय गुदरले, याची चौकशी करणारे थोडे.

आणि आपली लाडकी लिझ्यूची संत तेरेजा? तिचे वडील लुई मार्टिन तीन वर्षे मनोरुग्णालयात होते. मठात राहून ती हे सोसत होती, आणि १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने या दुःखाचा उल्लेख टाळलेला नाही. त्याच लुई मार्टिन यांस पत्नी झेलीसह २०१५ साली ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले. मनाचा आजार हा घराण्याला लागलेला बट्टा समजणाऱ्यांना आणखी कोणता दाखला हवा?

येथील एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. घरी बसलेल्या पुरुषांच्या खिन्नतेविषयी सारे हळहळले, ते योग्यच होते. परंतु शिलाईवर आणि पोळीभाजीवर ज्यांनी ती घरे तारली, त्यांना रात्री झोप लागते काय, हे कोणी विचारले? नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, असे वैद्यक सांगते. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा तर ओळखलेला, उपचार असलेला आजार. आपल्याकडे मात्र अजूनही नजर उतरवली जाते, नाहीतर नव्हेना सुचविली जाते. नव्हेना अवश्य करावी. पण वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच नेमले आहे, हे बेन सिराच्या ग्रंथातील ३८व्या अध्यायात आहे. ठाण्यात १९९० पासून मनःस्वास्थ्याची संस्था चालते, आणि सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या मराठीत बोलता येते. पुस्तक वाचून जिला आपला आजार ओळखता आला, तिला तेथवर सोबत करणे हे नवऱ्याचे काम आहे.

त्यासाठी नवऱ्यानेही ते पुस्तक वाचलेले असावे. आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात या पुस्तकांच्या नोंदवहीत एकाही पुरुषाचे नाव नाही. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांनी यापुढे त्यातले एखादे पुस्तक आपल्या नावे नोंदवून, वाचून, मग आमच्याकडे यावे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही कार्यालयात असतो.