धबधब्यावर बंदी, ओढ्याबद्दल मौन

कातळधारच्या समोर बसून आम्हाला जेमतेम वीस मिनिटं झाली होती. डबे नुकतेच उघडले होते. तेवढ्यात सोबत आलेले गावातले काका उठले आणि म्हणाले, "चला, आवरा. पानी बदललंय."

आमच्यातल्या एकाने वर बघितलं. पाऊस तर थांबला होता. तो तसं म्हणालाही. काका म्हणाले, "हितं थांबलाय. वर न्हाई थांबला."

परतीच्या वाटेवरचा ओढा सकाळी घोट्याएवढा होता, आता तो गुडघ्याच्या वर चढला होता. काकांनी एकेकाला हात देऊन पलीकडे नेलं. आमच्या मागून एक गट येत होता, त्यांच्यासोबत गावातलं कुणी नव्हतं. ते ओढ्याच्या पलीकडेच अडकले. काकांनी ओरडून त्यांना पाण्यात उतरू दिलं नाही. पाणी उतरेपर्यंत जवळजवळ तीन तास ते त्या काठावर भिजत बसले आणि या काठावर काका बसले. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, आणि त्या तीन तासांचे पैसेही कुणी दिले नाहीत.

त्या तीन तासांत मला जे कळलं, ते लोणावळ्यातल्या एकाही फलकावर लिहिलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

कातळधार भुशी डॅमसारखा नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट धरायची, फणसराईच्या बाजूने रानात शिरायचं आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरायचं. वाटेत ओढे, शेवाळलेले दगड, दाट झाडी आणि धुकं. मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही. माहिती नसेल तर ढोरवाट आणि पायवाट यातला फरक कळत नाही. धबधबा शेवटी एका मोठ्या कातळावरून कोसळतो. 'हिडन वॉटरफॉल' म्हणून त्याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. पण तो कुणापासून लपलेला आहे? त्याच्या आसपासच्या वाड्यांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात गुरं चारतायत. आपल्याला माहीत नव्हता, एवढाच 'हिडन'चा अर्थ.

आता प्रशासनाकडे वळू. 30 जून 2024 रोजी, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ देशभर फिरला. लगेच जिल्हा प्रशासनाचे प्रतिबंधात्मक आदेश निघाले. पाण्यात उतरू नका, धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढू नका. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 रोजी, तोही रविवारच, मावळातल्याच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता.

म्हणजे फलक होता. पूलही होता आणि गर्दीही होती. नव्हतं ते फलक आणि गर्दी यांच्यामध्ये उभं राहणारं माणूस.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. बंदीचा आदेश म्हणजे सुरक्षा नव्हे. दुर्घटना झाल्यावर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता यावं, एवढाच त्याचा खात्रीचा उपयोग आहे. बंदी लोणावळ्याच्या मोठ्या रस्त्यावर लागू होते, कारण पोलिसांची गाडी तिथपर्यंतच जाते. तिथून हटवलेली गर्दी घरी जात नाही. ती फोन उघडते आणि जिथे पोलीस नाहीत असा पुढचा धबधबा शोधते. सोप्या जागी बंदी घातली की अनोळखी माणूस अवघड जागी जाऊन पोचतो.

प्रशासनाची बाजूही खरी आहे. शनिवार-रविवारी घाटात येणारी गर्दी, दारूच्या बाटल्या, कड्यावर उभं राहून नाचणारी टोळकी हे सगळं मी पाहिलंय. मूठभर पोलिसांनी काय करावं? पाऊस अतिच असेल तेव्हा दोन दिवस वाट बंद करणंही योग्यच. पण दरवर्षी तेच कलम, तोच आदेश आणि तीच बातमी, याला धोरण म्हणत नाहीत.

कारण पाण्याने जाणारे जीव बहुतेकदा पाण्याबद्दल माहिती नसल्यामुळे जातात. सह्याद्रीचा माथा म्हणजे काळा कातळ आणि त्यावर पातळ माती. जुलैपर्यंत ती माती पाणी पिऊन तृप्त झालेली असते. त्यानंतर पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात धावतो. डोंगरापलीकडे पडलेली सर आपल्याला दिसत नाही, पण तिचं पाणी आपल्या पायाशी येतं, आणि तेही काही मिनिटांत. त्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पानं, काटक्या वाहत येतात. आवाज जड होतो. काकांनी त्या दिवशी नेमकं हेच पाहिलं होतं. वेग असेल तर गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलतं. आणि प्रवाहात एकमेकांना धरून उभं राहिलं की एकाचा तोल सगळ्यांचा तोल होतो.

शाळेत आपण जलचक्र शिकलो, पण ओढा कसा चढतो हे कुणी शिकवलं नाही. आदेशही शिकवत नाही, रीलही शिकवत नाही. एक म्हणतो येऊ नका, दुसरी म्हणते याच. पाण्याबद्दल दोघंही गप्प.

27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख ओढ्यात असंच झालं. वर वादळी पाऊस, खाली घळईत उतरलेले पर्यटक. 21 जण गेले, त्यात वाटाडेही होते. तिथे नुसता फलक लावून विषय संपला नाही. कंपनीच्या जबाबदार लोकांवर खटला चालला, शिक्षा झाल्या. पुढे अशा जोखमीच्या उपक्रमांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, तो 2014 पासून लागू आहे. घळया आजही खुल्या आहेत. बदलली ती जबाबदारी.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. साहसी पर्यटनाच्या आयोजकांची नोंदणी सांगणारं राज्याचं धोरण 2021 पासून आहे. गावागावांत संयुक्त वन व्यवस्थापन समितीची सोय आहे. लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'सारखी संस्था आहे, जिचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरतात. या माणसांना आपण प्रेत काढायला बोलावतो. जिवंत माणसांसोबत चालायला का बोलावत नाही?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कातळधारसारख्या वाटेवर पावसाळ्यात गावातल्या वाटाड्याशिवाय प्रवेश नको. वाटाड्याचं प्रशिक्षण सरकारने करावं, मोबदला ठरलेला असावा आणि तो गावात राहावा. रोज किती जण सोडायचे हे ठरवावं. आणि 'आज वाट बंद' म्हणण्याचा अधिकार त्या ओढ्याजवळ राहणाऱ्या माणसाला द्यावा. पुण्यातल्या कार्यालयातून ओढ्याचा रंग दिसत नाही.

कुणी म्हणेल, निसर्गात जायला पैसे का मोजायचे? आपण ट्रेकच्या बुटांना हजारो मोजतो, बॅगेवरच्या रेनकव्हरलाही मोजतो. वाट माहीत असलेल्या माणसाला चार-पाचशे देताना मात्र घासाघीस करतो. त्या दिवशी मीही केली होती. शंभर रुपये कमी करून घेतले होते आणि त्याचा आनंदही झाला होता.

परत आल्यावर राहिलेले शंभर रुपये द्यायला गेलो. काकांनी घेतले नाहीत. म्हणाले, "ठरलं तेवढं दिलं ना? पुढच्या येळी येशील तेव्हा आधी पानी बघायला शीक."

या पावसाळ्यात तुम्ही कुठल्याही धबधब्याला जा. पण पोचल्यावर फोन बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं ओढ्याकडे बघत बसा. आणि सोबतचं माणूस निघू म्हणालं, तर डबा अर्धवट ठेवून उठा.