तिस्तेचा इशारा

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक या हिमसरोवरात काठावरची गोठलेली दगडमाती प्रचंड प्रमाणावर कोसळली. उसळलेल्या लाटेने सरोवराचा नैसर्गिक बांध फुटला आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्या लोंढ्याने चुंगथांगचे ६० मीटर उंचीचे धरण धुऊन नेले. पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, सत्तराहून अधिक बेपत्ता झाली. हा सारा निसर्गाचा कोप होता असे म्हणून मोकळे होणे कोणाच्या सोयीचे आहे, हे समजण्यासाठी आधी या नदीची वाट नीट पाहिली पाहिजे.

पाच हजार मीटरहून उंच हिमप्रदेशात तिस्तेचा उगम होतो. लाचेन आणि लाचुंग या दोन खोऱ्यांतील प्रवाह चुंगथांगला एकत्र येतात, आणि नेमक्या त्या संगमाशीच धरण उभे होते. पुढे अरुंद दऱ्यांतून धावणाऱ्या नदीला रंगीत येऊन मिळते. सेवोकजवळ ती डोंगर सोडते, जलपायगुडीच्या सपाटीवर पसरते आणि बांगलादेशच्या रंगपूर भागातील शेतांना पाणी देत ब्रह्मपुत्रेत विलीन होते. सुमारे चारशे किलोमीटरच्या या प्रवासात ती हिमालयाचा भुसभुशीत डोंगर खरवडून मैदानात आणून टाकते. वरची दरड आणि खालचा गाळ ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत.

अशी नदी माणसाने आखलेल्या रेषेत राहत नाही. १७८७ च्या महापुरात तिस्तेने दक्षिणेकडचा जुना मार्ग सोडून ब्रह्मपुत्रेची वाट धरली. ४ ऑक्टोबर १९६८ च्या रात्री तिने झोपेतल्या जलपायगुडी शहराला बुडविले. २०२३ च्या लोंढ्याने आणलेल्या गाळामुळे तिचे पात्रच वर उचलले गेले, आणि आता कालिंपाँगच्या नदीकाठच्या वस्त्यांत साध्या पावसाळ्यातही पाणी शिरते.

दक्षिण ल्होनाक सरोवर फुटण्याचा धोका शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच दाखवून दिला होता. २०१६ मध्ये नळ टाकून त्यातील काही पाणी उपसण्याचा प्रयत्नही झाला. म्हणजे धोका ठाऊक होता. तरीही त्याच सरोवराच्या वाटेवर खाजगी भांडवलाच्या पुढाकाराने १२०० मेगावॅटचा प्रकल्प उभारला गेला व २०१७ मध्ये सुरू झाला. दरम्यान बहुसंख्य भाग राज्य सरकारने आपल्याकडे घेतले. परंतु मालकी बदलली म्हणून नियोजनाची दृष्टी बदलली नाही. किती मेगावॅट निघतील याचा हिशेब काटेकोर होता. खोऱ्यातील माणसांच्या जिवाची किंमत मात्र त्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती.

लेपचा तरुणांनी २००७ मध्ये गंगटोक येथे दीर्घ साखळी उपोषण करून हेच सांगितले होते. त्यांच्या लढ्यामुळे झोंगू भागातील काही प्रकल्प रद्द करावे लागले. असे असूनही जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याच्या तज्ज्ञ समितीने चुंगथांगला त्याच जागी जवळपास दुप्पट, सुमारे ११८ मीटर उंचीच्या काँक्रीट धरणाची शिफारस केली, आणि तीही नव्याने जनसुनावणी न घेता! ज्यांची घरे वाहून गेली त्यांनाच बोलण्याचा अधिकार नाकारणे, यालाच आज विकास म्हटले जात आहे.

खालच्या अंगाला दुसरा अन्याय आहे. कोरड्या महिन्यांत गजलडोबा येथे पाणी वळविले जाते आणि सीमेपलीकडचा शेतकरी कोरड्या पात्राकडे पाहत राहतो. १९८३ च्या तात्पुरत्या समझोत्यात भारताला ३९ व बांगलादेशला ३६ टक्के पाणी ठरले, उरलेले २५ टक्के वाटपाविना राहिले. २०११ मध्ये तयार झालेला करार सहीपर्यंत पोहोचलाच नाही. उत्तर बंगालच्या आणि रंगपूरच्या कष्टकरी शेतकऱ्यांना एकमेकांचे शत्रू ठरविणारे राजकारण दोघांनाही तहानलेले ठेवते.

सरोवर एका खात्याकडे, वीज दुसऱ्याकडे, कालवा तिसऱ्याकडे आणि सीमा चौथ्याकडे, असे नदीचे तुकडे पाडले की जबाबदारीचेही तुकडे होतात आणि अखेर कोणीच उत्तरदायी राहत नाही. विजेची गरज आहे, सिंचनाचीही आहे. ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु हिमनदीपासून शेतापर्यंत संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विचार, धोक्याची पूर्वसूचना देणारी भरवशाची यंत्रणा, विस्थापितांचे पूर्ण पुनर्वसन आणि खुली जनसुनावणी झाल्याखेरीज चुंगथांगला एक दगडही रचला जाऊ नये. या मागण्यांमागे सिक्कीमची छोटी जनता एकटी पडता कामा नये. देशभरातील लोकशाहीवादी शक्तींनी त्या आपल्या मानल्या पाहिजेत. तिस्तेने इशारा दिला आहे. तो पुन्हा एकदा अहवालांच्या ढिगाखाली गाडला जाऊ देणे हा गुन्हा ठरेल.