भुंड्या मस्तकाचा मोह

सिद्धेश्वर म्हटले की पूर्णेवरील धरण आठवते. परंतु हिंगोली, परभणी, नांदेडच्या या टापूची खरी ओळख लाल कंधारी गोवंशात आहे. गडद तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळी कड, लोंबते कान, भरदार वशिंड आणि वळणदार मध्यम शिंगे. पोळ्याला हिंगूळ लावून, बेगड चिकटवून मिरवतात ती हीच शिंगे.

शिंगे हा गोवंशाचा दाखलाच असतो. माणदेशी खिलाराची लांब, मागे झुकून वर गेलेली अणकुचीदार शिंगे आणि इगतपुरी-अकोल्याच्या पावसात वावरणाऱ्या डांगीची आखूड, जाड शिंगे पाहिली की जाणत्याला कागद लागत नाही. शिंगावरील वलये मोजून गाईचे वय सांगणारे म्हातारे खेडोपाडी होतेच.

याउलट इंग्लंडची 'रेड पोल' गाय पाहा. रंगाने आपल्या कंधारीसारखी तांबडी, पण वशिंड नाही आणि जन्मतःच भुंडी. स्कॉटलंडची काळी 'अँगस' तशीच. शिंगांच्या जागी तिच्या माथ्यावर नुसता उंचवटा. आणि आपलाच आंध्रातील ओंगोल वंश ब्राझीलमध्ये 'नेलोर' म्हणून वाढला, तेव्हा तेथील पशुपालकांनी त्यातूनही भुंडी शाखा निवडून काढली. वशिंड आपले, गळ्याची पोळी आपली, मस्तक मात्र बोडके!

भुंडेपणाचा गुण प्रबळ असतो. तो आईबापांपैकी एकाकडून आला तरी वासरू बहुधा भुंडे निपजते. गोठ्यात दाटीने जनावरे बांधणाऱ्यांना ते सोयीचे वाटते. तापल्या लोखंडाने कोवळ्या वासराचे कपाळ डागण्यापेक्षा ते बरे, हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. परंतु घाईची वाट कोठे जाते, तेही पाहावे. अमेरिकेत २०१५ मध्ये जनुक-संपादनाने दोन भुंडे होल्स्टीन वळू जन्माला घातले गेले; २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्यांच्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जीवाणूंची जनुके आढळली. स्वित्झर्लंडमध्ये शिंगे राखणाऱ्या पशुपालकांना अनुदान द्यावे, या मागणीवर २०१८ मध्ये सार्वमत झाले. सुमारे ५५ टक्के मतदारांनी ती फेटाळली, हे खरे. पण तेथे प्रश्न निदान जनतेपुढे आला.

आणि आपल्याकडे? ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटले. आनंद आहे. परंतु कालव्याचे पाणी आले, ट्रॅक्टर आला, बैलाचे काम सरले. ज्याचे काम सरते त्याचा वळू गावात कोण पोसणार? कंधारी गाय दूध बेताचेच देते, म्हणून दारात संकरित रेतन होते आणि दोन पिढ्यांत वशिंड, रंग, शिंग सारेच पुसले जाते. त्यासाठी कसाई लागत नाही.

गोरक्षणाच्या सभा आपण पुष्कळ घेतल्या. आता सिद्धेश्वरच्या पंचक्रोशीत, पाच-दहा गावांमिळून का होईना, एक अस्सल कंधारी वळू वर्गणीतून पोसावा आणि त्याच्या वासरांची नोंदवही कार्यकर्त्यांनी स्वतः ठेवावी. रेतनासाठी येणाऱ्यालाही वळूची जात दारातच विचारावी.