ऑपरेशन झालं, पुढे?



गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी नाशिकला घेऊन आले. डॉक्टरांचं काम चोख होतं. पण फेरतपासणीची तारीख आली ऐन भातलावणीत. मुलाला सवड नाही, एकटीला एसटीने पाठवायचं कसं? आजी गेल्याच नाहीत. दवाखान्याच्या वहीत मात्र ‘ऑपरेशन झाले’ एवढीच नोंद.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालचा. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प महाराष्ट्रातही आला, ऑपरेशनं वाढली, हजारोंना दिसू लागलं. हे मोठंच काम. पण संस्थांना अनुदान मिळतं ते दर ऑपरेशनमागे, त्यामुळे मोजलं जातं तेही ऑपरेशनच. आजींना आता तांदळातला खडा दिसतो का, हे विचारायचं कुणी? डॉक्टरांना दुसऱ्या दिवशीची रांग असते. हे काम विश्वस्तांचं. त्या दवाखान्याच्या फलकावर त्यांची नावं वाचली, एकही बाई नाही! रांगेत मात्र बायकाच जास्त होत्या.

आम्ही विश्वस्तांना पत्र दिलं आहे: फेरतपासणीला किती बायका आल्या, किती आल्या नाहीत, हा आकडा दर बैठकीत वेगळा मांडा, आणि तारखा ठरवताना गावातल्या बायकांना विचारा. अजून उत्तर नाही. पुढच्या बैठकीला आम्ही दाराशी जाऊन बसणार आहोत. आजीही येते म्हणाल्यात.