शिक्का नको, तपासणी पाहिजे

आपल्यातलाच एखादा पोरगा घ्या. मोर्चात पुढं, घोषणेत पुढं. पण फॉर्म भरायचा म्हटलं की तारीख निघून जाते. पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीला डोकं भटकायला जातं. तीन नोकऱ्या लागल्या, तिन्ही सुटल्या. घरचे म्हणतात उनाड. मास्तर म्हणायचा ढ. आणि गावातले वरचे म्हणतात, शेवटी जातीवर गेला!

या पोराला एडीएचडी असू शकतो. दोस्तहो, नाव इंग्रजी म्हणून हसू नका. लक्ष धरून ठेवणं, थांबणं, कामाचा क्रम लावणं ही मेंदूची कामं काही माणसांत लहानपणापासून वेगळी चालतात. पुष्कळदा ते आईबापाकडूनच आलेलं असतं. १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरनं अशा पोरांवर लंडनमध्ये व्याख्यानं दिली, आणि त्यानंही हा नैतिक संयमाचा दोष ठरवला. म्हणजे मास्तर एकटा नव्हता. मोठेपणी हे आपोआप जातं, असंच पुढं कित्येक वर्षं धरून चालले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांत मोठ्या माणसाला नऊपैकी पाच लक्षणं पुरतात. पण त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली पाहिजेत, आणि एकाच नव्हे, दोन ठिकाणी. घरी आणि शाळेत, समजा.

गोम इथंच आहे. यासाठी रक्ताची तपासणी नाही, फोटो नाही. डॉक्टर विचारतो, शाळेचं प्रगतिपुस्तक आणलंय का? बीडच्या ऊसतोड्याच्या पोरानं काय आणायचं? दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. सहा महिने पोरगं फडावर, कोपीत धाकट्याला सांभाळत. शाळेच्या रजिस्टरात एकच शब्द : गैरहजर. जो वर्गातच नव्हता तो वर्गात स्वस्थ बसत होता का, हे कोण सांगणार?

आई सांगेल. पण तिला तिच्या भाषेत विचारा. 'लक्ष विचलित व्हायचं का' असलं काही नको. पाण्याला धाडलं तर कळशी तिथंच विसरून यायचा का? वाडं बांधता बांधता अर्ध्यात उठून जायचा का? चालत्या गाडीवरून उड्या मारायचा का? बाकीची भावंडं तशीच होती का? या चार प्रश्नांत प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त निघतं.

मी गोदीत माल उचलतो. पाठीवर वजन असलं की डोकं गप्प बसतं, म्हणून तिथं टिकलो. गेल्या साली मुंबईतल्या एका दवाखान्यात तपासून घेतलं. तीन खेपा, तीन खाडे. पहिला डॉक्टर म्हणाला, मॅट्रिक झालास ना, मग कसला एडीएचडी? दुसऱ्यानं केजहून आलेल्या आईला तासभर बसवून विचारलं, तेव्हा निदान झालं.

उलट बाजूही आहे. उपाशी पोट, अपुरी झोप, दारू, उदासी, कर्जाची धास्ती यांनीही लक्ष उडतं. पाच मिनिटांत चिठ्ठी फाडणारा डॉक्टर नको, तसा 'तुमच्यात असंच असतं' म्हणणाराही नको. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की माणसाच्या सामाजिक-आर्थिक दर्जावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. सरकारी दवाखान्यात उपचार मिळण्याचा हक्कही त्यातच आहे.

आमच्यातलेच काही शहाणे म्हणतात, हे बंगलेवाल्यांचे चोचले, भांडवलशाही गेली की जाईल. जाईल तेव्हा जाईल. आज पोराची परीक्षा जातेय.

औषधं आहेत, सगळ्यांना लागतातच असं नाही. मिथाइलफेनिडेटवर कडक बंधन आहे, चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. मित्राकडून गोळ्या मागून खाऊ नका.

मागणी आमची साधी आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात मोठ्या माणसांच्या या तपासणीला आठवड्यातला एक वार ठरवून द्या. प्रश्नावली मराठीत, आणि तीत फड, कोपी, वाडं हे शब्द पाहिजेत. तोवर १४४१६ या सरकारी टेलिमानसच्या फोनवर फुकट बोलता येतं. आणि तपासायला जायचं तर कारखाने बंद असताना जा, आई गावात असते तेव्हा. तिला सोबत न्या.