संदर्भांचेच तेवढे राहिले!

फेब्रुवारी उजाडला की आमच्या ग्रंथालयात एक वाक्य हमखास कानावर येते. "लेख झाला रे लिहून, आता संदर्भांचेच तेवढे राहिले!" बोलणाऱ्याच्या स्वरात सुटकेचा भाव असतो. जेवण आटोपले, आता ताट तेवढे उचलायचे! मग कोणाची तरी जुनी यादी पैदा होते, तिच्यातली दहा-बारा नावे उतरवली जातात, आणि ज्या ग्रंथांचे आपण तोंडही पाहिले नाही, ते आपल्या लेखाच्या शेवटी मोठ्या दिमाखात विराजमान होतात.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या प्रकल्पात मीही हेच केले. तोंडी परीक्षेच्या वेळी सरांनी यादीतल्या एका लेखावर बोट ठेवून शांतपणे विचारले, "हा कोठे वाचलात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी होते!

शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख पाठवायचा म्हटले की प्रथम धडकी भरते ती या स्वल्पविरामांचीच. त्यातही एकवाक्यता नाही. मुख्य पंथ दोन. एका पंथात मजकुरात लेखकाचे आडनाव आणि वर्ष द्यायचे, आणि शेवटची यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावायची. मानसशास्त्रात हीच रीत चालते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे नियम १९२९ साली अवघ्या सात पानांत मावले होते. आज त्यांचा जाडजूड ग्रंथ झाला आहे. दुसऱ्या पंथात मजकुरात नुसता आकडा घालायचा आणि ज्या क्रमाने संदर्भ आले त्याच क्रमाने यादी करायची. वैद्यकाच्या नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि त्यांनी लेखांसाठी समान नियम ठरवले. म्हणून या पद्धतीला त्या शहराचे नाव पडले.

एक उदाहरण घेऊ. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा प्रसिद्ध लेख १९५३ साली 'नेचर'च्या १७१ व्या खंडात, पृष्ठ ७३७ ते ७३८ वर छापला गेला. पहिल्या पंथाचा लेखक मजकुरात 'वॉटसन आणि क्रिक, १९५३' असे लिहील. दुसऱ्या पंथाचा १, २ असा जो क्रम येईल तो आकडा घालील. परंतु लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठे हा ऐवज दोघांनाही द्यावाच लागतो. कारण संदर्भ म्हणजे पत्ता. पत्रावर पिनकोड वरच्या ओळीत लिहिला की खालच्या, याने फारसे बिघडत नाही. पण आकडाच चुकला तर पत्र भलत्याच गावी जाते. आपल्या मागून येणाऱ्या वाचकाला आपण जेथून पाणी भरले त्या विहिरीपर्यंत जाता यावे, एवढाच या सगळ्या उपद्व्यापाचा हेतू.

आणि पत्ते चुकतात. नुसते चुकत नाहीत, चुका वारशाने पुढे जातात! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ साली याचा मोठा मौजेचा हिशेब मांडला. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचा उल्लेख सुमारे ४,३०० वेळा झाला होता. त्यांपैकी १९६ ठिकाणी पत्ता चुकलेला. आता १९६ माणसे आपापल्या हाताने चुकली असती, तर चुकाही नाना प्रकारच्या निघाल्या असत्या. पण निराळ्या चुका निघाल्या फक्त ४५, आणि पृष्ठांकाची एकच चूक तब्बल ७८ वेळा! उघडच आहे, एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी ती उतरवून घेतली. यावरून या दोघांनी अंदाज बांधला की, उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा लोक मूळ लेख वाचत असावेत. म्हणजे आमच्या ग्रंथालयात जे चालते ते थोरामोठ्यांच्या घरीही चालते. यात समाधान मानायचे की लाज वाटून घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण पत्ता बिनचूक असला म्हणजे तरी सारे भागले काय? वॉटसन-क्रिक यांचाच लेख पाहा. त्याच्या शेवटी सहा संदर्भ आहेत, सगळे रीतसर. परंतु रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या प्रयोगशाळेत घेतलेले जे क्ष-किरण छायाचित्र तिला न विचारता वॉटसनला दाखवण्यात आले, त्याचा त्या सहांत पत्ता नाही. अप्रकाशित प्रयोगांमुळे आणि विचारांमुळे चालना मिळाली, असे एक वाक्य अखेरीस आहे, त्यात विल्किन्स यांच्या जोडीने तिचे नाव येते, बस्स. १९५८ साली ती वारली. १९६२ साली नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. मरणोत्तर ते पारितोषिक देत नाहीत, हे खरे. पण ऋण मान्य करायला कोणता नियम आडवा येत होता?

आता कोणी म्हणेल, संगणक आहे की! झोटेरोसारखी साधने क्षणात यादी तयार करतात, पंथ बदलला तर तीही बदलून देतात. अवश्य वापरावीत. स्वल्पविरामांची हमाली यंत्राने केली तर मला आनंदच आहे. पण यंत्र वाचन करून देत नाही, आणि आताची बोलकी यंत्रे तर नसलेले संदर्भही बेमालूम रचून देतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे दाखले म्हणून सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. त्या दाखल्यांचेही बाह्य रूप अगदी नियमाबरहुकूम होते!

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आपण चुकीच्या जागी कडक आणि चुकीच्या जागी सैल आहोत. पूर्णविराम राहिला तर गुण कापले जातात. न वाचलेला ग्रंथ मात्र खपून जातो. हे उलटे व्हावे. प्राध्यापकांना विनंती, की प्रत्येक विद्यार्थ्याच्या यादीतले कोणतेही तीन संदर्भ समोर आणायला सांगावेत आणि त्यांत काय आहे ते विचारावे. आणि मित्रांनो, आपणही वाचतानाच एका कार्डावर नाव, वर्ष, खंड, पृष्ठ टिपून ठेवावे. शेवटच्या रात्रीची धावपळ टळेल. मूळ लेख मिळाला नाही, दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतला, तर तसे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. यादी आखूड होईल. होऊ दे. बारा उसन्या नावांपेक्षा खरोखर वाचलेली पाच नावे बरी, निदान कोणी बोट ठेवून "हा कोठे वाचलात?" असे विचारले, तर मान खाली घालावी लागणार नाही.